घाटात दम सोडणारी जुनी डिझेल व्हॅन: इंजिन उघडण्याआधी काय तपासावं

कालपर्यंत जो चढ गाडी तिसऱ्या गिअरवर घ्यायची, तिथे आज दुसरा टाकावा लागतो. आरशात पाहावं तर मागे धुराचा पडदा, आणि त्यातून तोंडावर रुमाल धरून वाट काढणारा मोटारसायकलवाला. जुनी डिझेल व्हॅन घेतलेल्या बहुतेकांवर हा दिवस येतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर तो जरा लवकरच येतो. खारी हवा, जांभ्याची लाल धूळ, चार महिन्यांचा पाऊस आणि बंदरातून वर आलं की लगेच सुरू होणारे चढ, हे सगळं एकाच गाडीला सोसावं लागतं.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा पहिलं वाक्य ऐकू येतं, "इंजिन काम करावं लागेल." म्हणजे पूर्ण इंजिन उघडून दुरुस्ती. कधी ते खरंही असतं. पण माझ्या टेम्पो ट्रॅव्हलरचं जे झालं, ते आधी सांगतो. आंब्याचा हंगाम भरात होता. गाडी दापोलीतून पेट्या भरून निघायची, वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालायची आणि मग चढावर मरगळायची. चहाला थांबलं की पुन्हा ताजी. एका गॅरेजने नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) केले, नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापं जुळवायला, पाठवला. हंगामातले चार दिवस आणि बरेच पैसे गेले, आणि गाडी होती तशीच. शेवटी डिझेल भरताना टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा 'फुस्स' असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली. टाकीला हवा मिळण्यासाठी जी बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. डिझेल संपत जाई तशी टाकीत पोकळी व्हायची आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला ते ओढता येईना. तारेचा एक तुकडा घालून ती नळी मोकळी केली, आणि गाडी सुटली.

म्हणून खालचा क्रम हा फुकटच्या तपासणीकडून खर्चाच्या तपासणीकडे जाणारा आहे. मधली पायरी गाळू नका.

आधी, गाडी कुठली?

हे सगळं साध्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे: जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मॅटाडोर, ट्रॅक्स, त्या काळातली सुमो. ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये बरीच वर्षं मर्सिडीजच्या ओएम 616 जातीचं 2.4 लिटरचं चार सिलिंडर इंजिन असायचं. बजाज टेम्पो ते परवान्याने बनवायची. 2005 मध्ये तीच कंपनी फोर्स मोटर्स झाली. या गाड्यांच्या पंपावर बहुधा 'मायको' अशी अक्षरं असतात. मायको म्हणजे आजची बॉश.

तुमच्या गाडीला कॉमन रेल असेल, म्हणजे नोझलच्या डोक्यावर वायरीचा सॉकेट असेल, तर पाइप सैल करून पाहण्याची पायरी तुमच्यासाठी अजिबात नाही. तिथे डिझेलचा दाब 1000 बारच्या वर जातो. साध्या पंपाच्या गाडीतही नोझलमधून उडणारा फवारा कातडीखाली शिरतो. बोटाला नुसती टाचणी टोचल्यासारखं वाटतं, पण बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. असं झालं तर दुखायची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. चाकांना दगडाची ओट लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

एक वही आणि एक चढ

रोजच्या रस्त्यावरचा एक चढ परीक्षेसाठी ठरवा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरल्यावर लागणारा चढ मला सोयीचा पडायचा. कशेडीचा जुना घाटही चालेल. इंजिन गरम, माल तेवढाच, गिअर तोच. चढ कुठल्या गिअरवर आणि किती वेगाने घेतला, धूर कुठल्या रंगाचा आणि केव्हा आला, हे वहीत लिहा. पुढची प्रत्येक दुरुस्ती झाली की तोच चढ पुन्हा घ्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, नोझल आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) सगळं एकाच दिवशी केलं तर गाडी सुधारेलही, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

बिघाड कसा आला तेही लिहा. एका दिवसात आला तर बहुधा काहीतरी तुंबलंय, फुटलंय किंवा सुटलंय. वर्ष-दोन वर्षांत हळूहळू आला तर झीज असण्याची शक्यता जास्त.

दोष इंजिनातच आहे का?

सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये दोघांनी ढकलून पाहा. जागची हलायला त्रास देत असेल तर ब्रेक धरलाय. दहा किलोमीटर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून, चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहा. लगेच टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं असेल तर दोष तिथे आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हँडब्रेकची केबल नळीत गंजते आणि मागचे ब्रेक पुरते सुटतच नाहीत. पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभ्या केलेल्या गाडीत तर हे हमखास होतं.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे.

आता कुणाला तरी आत बसवून एक्सेलरेटर पूर्ण दाबायला सांगा. इंजिन बंद ठेवा. तुम्ही पंपावरचा लिव्हर पाहा: तो शेवटच्या थांब्याला टेकतो का? केबल ताणली गेली असेल किंवा पायाखाली जाड मॅट असेल तर लिव्हर पाऊण वाटेवरच थांबतो. पाऊण लिव्हर म्हणजे पाऊण गाडी.

धूर नाही की धूर आहे?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. डिझेल इंजिनाला बारीक फवारलेलं डिझेल, भरपूर हवा, आणि त्या हवेला तापवणारा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, लागतं. पेट्रोलसारखी ठिणगी इथे नसते. हवा दाबली जाऊन जी तापते, तिनेच डिझेल पेटतं.

त्यामुळे परीक्षेच्या चढावर एक्सेलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर इंजिनापर्यंत डिझेल पोचत नाही. टाकी, जाळी, पाइप, फीड पंप, फिल्टर या रांगेत शोधा. नोझल आणि पिस्टन यांच्याकडे अजून बघायचंही नाही.

गाडी ओढत नाही आणि काळा धूर आहे, तर डिझेल येतंय पण पुरतं जळत नाही. एकतर हवा कमी पडते, नाहीतर फवारा बिघडलाय.

माझी गाडी घाटात अजिबात धूर टाकत नव्हती. हे मला तेव्हा माहीत असतं तर पंप उतरवलाच नसता.

डिझेलची वाट

पहिली गोष्ट टाकीचं झाकण. गाडी मरगळल्यावर तिथेच थांबून झाकण उघडा आणि कान द्या. मग झाकण सैल ठेवून चढ घेऊन पाहा. फरक पडला तर हवेची नळी किंवा झाकणाचं भोक साफ करायचं.

मग पाणी. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी टाकीच्या भिंतींवर धरतं आणि तळाला जमतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ टाकीतल्या जाळीवर आणि फिल्टरवर बसतो. सकाळी गाडी हलवण्याआधी फिल्टरच्या किंवा सेडिमेंटरच्या (पाणी आणि गाळ खाली बसवणाऱ्या भांड्याच्या) तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. एक-दोन सेंटिमीटर पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवायची सवय लावा. कॅनमधून डिझेल ओतत असाल तर फडक्यातून गाळून घ्या, आणि बोटीसाठी वापरलेला कॅन गाडीला वापरू नका. त्यात खारं पाणी हमखास असतं.

फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर बदला. एवढा स्वस्त सुटा भाग दुसरा नाही.

त्यानंतर बाटलीची परीक्षा. माझ्या मते नवख्या माणसाने शिकावी अशी ही पहिली परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात चांगलं डिझेल भरा आणि तो फीड पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधा, सायलेन्सरपासून लांब. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाजवळ सोडवून तिच्या जागी कॅनमधली पारदर्शक प्लास्टिक नळी जोडा. उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी नळीही कॅनमध्येच सोडा. आता थोडं अंतर चालवा. गाडी सुधारली तर दोष टाकी ते फीड पंप या भागात आहे: गंजलेला पाइप, तुंबलेली जाळी, चिरलेली रबरी नळी. सुधारली नाही तर दोष पुढे आहे. तीच पारदर्शक नळी नंतर टाकीच्या वाटेवर जोडून पाहा. तिच्यातून बुडबुडे धावताना दिसले तर कुठूनतरी एअर धरते आहे. अशी जागा बाहेरून कोरडीच दिसते, कारण फीड पंपाच्या अलीकडे डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. पाइपच्या क्लिपा आणि तांब्याचे वॉशर तिथेच संशयित.

नळ्या सोडल्या म्हणजे एअर काढणं आलंच. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर पंपावरच्या स्क्रूचंही तसंच. तरी गाडी चालू झाली नाही तर नोझलकडचे पाइप नट अर्धा फेरा सैल करा, स्टार्टर मारायला सांगा, डिझेल झिरपलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नको.

हवेची वाट

एअर क्लिनर उघडा. कागदी फिल्टर असेल तर तो उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. जांभ्याची धूळ पावसाळी दमटपणात कागदावर लेपासारखी बसते. ती हवा मारून पुरती निघत नाही, आणि जोराची हवा मारली तर कागद फाटतो. तेलाचा क्लिनर असेल तर भांड्याच्या खुणेपर्यंतच तेल घाला. जास्त झालं तर इंजिन तेच तेल ओढतं आणि निळा धूर टाकतं.

क्लिनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळीही पाहा. जुनी नळी आतून सुटून पापुद्रा लोंबतो आणि इंजिन जोरात ओढायला लागलं की तोच पापुद्रा वाट बंद करतो. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं. घरामागे उभ्या असलेल्या गाड्यांत उंदीर पेंढा आणि काथ्या नेऊन ठेवतात, त्यामुळे आत हात घालूनच खात्री करा. टर्बो असेल तर टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांवर तेलाचे काळे ओघळ शोधा. हवा तिथूनच निसटते.

फिल्टर काढून गाडी चालवून पाहू नका. उभ्या गाडीत मिनिटभर ठीक आहे. आपल्या रस्त्यावरची धूळ लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा खरवडून काढते, आणि मग खरोखरच इंजिन काम निघतं.

हवा आत येते तशी बाहेरही जावी लागते. खाऱ्या हवेने सायलेन्सरच्या आतले पडदे गंजून कोसळतात आणि वाट अडवतात. पुढचा जोड सैल करून थोडं चालवा. आवाज कानठळ्या बसवेल, पण गाडी मोकळी झाली तर सायलेन्सर बदला.

धुराचे रंग

काळ्या धुराचं वर सांगितलंच. हवेची वाट स्वच्छ असूनही तो जात नसेल तर नोझलकडे वळायचं. एक जागा लोक विसरतात: काही जुन्या पंपांना हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. इनटेकपासून पंपाच्या शेपटाकडे एक बारीक नळी गेलेली दिसेल. ती चिरली किंवा आतला पडदा फाटला तर पंप भरमसाट डिझेल देतो, गाडी उभ्यानेही भरारते आणि काळा धूर ओकते. पीयूसीमध्ये बीएस 4 च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक) आहे. तिथला आकडा दर वेळी वहीत उतरवून ठेवा. तो चढत गेला तर चढावर जाणवण्याआधीच कळतं.

पांढरा धूर दोन जातींचा. डोळ्यांना झोंबतो आणि कच्च्या डिझेलचा वास येतो, तर ते न पेटलेलं डिझेल आहे. सकाळी थंड इंजिनाला मिनिटभर येऊन जात असेल तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना आत ऊब देणारे प्लग, तपासा. वायर काढून प्लगच्या टोकाला आणि बॉडीला मीटर लावा. चांगला प्लग जेमतेम एक-दीड ओहम दाखवतो, जळलेला काहीच दाखवत नाही. काही जुन्या इंजिनांत प्लग एकामागून एक जोडलेले असतात, तिथे एक गेला की सगळे थंड. इंजिन तापल्यावरही हा धूर राहिला तर नोझल गळतोय, टाइमिंग उशिरा आहे (डिझेल उशिरा फवारलं जातंय) किंवा कॉम्प्रेशन गेलंय. दुसरी जात वाफेची: रेडिएटरचं पाणी कमी होतं, गोडसर वास येतो, ऑईलमध्ये दुधाळ फेस दिसतो. तिथे गाडी चालवणं थांबवा. हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर ही 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायची गोष्ट नाही.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. कुठून, ते घाट सांगतो. एक्सेलरेटर सोडून इंजिन ब्रेकवर लांब उतार उतरा आणि खाली आल्यावर पाय द्या. त्या क्षणी निळा ढग आला आणि मग गेला, तर व्हॉल्व्हचे सील. चढावर जोर पडल्यावर सतत निळा, तर रिंगा. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढून नुसतं भोकावर टेकवा. थोडं थरथरणं ठीक. झाकण उडत असेल आणि भोकातून धुराचे भपके येत असतील तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळलेला गॅस रिंगांवरून खाली निसटतोय.

ऑईल मोजायच्या पट्टीवर (गेजवर) पातळी वाढताना दिसली तर गाडी हलवू नका. डिझेल ऑईलमध्ये मिसळतंय. बेअरिंग तर जातीलच, शिवाय ते ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ओढून इंजिन आपोआप पळू लागेल आणि किल्ली फिरवूनही बंद होणार नाही. तशी वेळ आलीच तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, किंवा एअर क्लिनरचं तोंड फळीने बंद करा. हाताने नको.

आजारी सिलिंडर शोधणं

गाडी उभ्याने हलते, 'मिसिंग' येतं, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, तर हे करा. गॉगल घाला. इंजिन हळू चालू ठेवा. एका नोझलच्या पाइप नटवर फडकं टाकून पान्याने जरासा सैल करा. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लगेच अडखळतं. नट आवळा, पुढचा घ्या. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही.

आता त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी बदला. खालचे वॉशर नवे वापरा, जुने पुन्हा टाकू नका. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. दोष जागीच राहिला तर कॉम्प्रेशन, टॅपेट, किंवा पंपाचं त्या सिलिंडरला डिझेल देणारं एलिमेंट. नोझल पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या आणि समोर उभे राहा. फवारा धुक्यासारखा सुटला पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. या जातीच्या इंजिनांचे नोझल साधारण 100 ते 150 बारच्या दरम्यान उघडतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चारही एकाच दाबावर उघडले पाहिजेत.

पंपाच्या सीलबंद स्क्रूला हात लावू नका, लावू देऊही नका. "जरा डिझेल वाढवतो" म्हणून कुणी तो फिरवला की दोन दिवस गाडी पळते, मग सायलेन्सर लाल होतो, पिस्टन जळतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

कॉम्प्रेशन

हे शेवटी, कारण यानंतर खर्चाचंच बोलणं आहे. आधी टॅपेट सेट करून घ्या. झिजता झिजता व्हॉल्व्हचा गॅप संपतो, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि सिलिंडर मेल्यासारखा वाटतो. नुसत्या टॅपेटने जिवंत झालेली इंजिनं मी पाहिली आहेत. मग डिझेल इंजिनाचा कॉम्प्रेशन गेज लावून, बॅटरी पूर्ण चार्ज असताना, सगळे सिलिंडर मोजा. या जुन्या प्री-चेंबर (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) इंजिनांत वीस-बावीस बार म्हणजे तब्येत ठणठणीत. पंधराच्या खाली गेलं तर इंजिन थकलंय. आकड्याइतकाच फरकही पाहा: तीन सिलिंडर सारखे आणि एकच खूप खाली असेल तर पूर्ण इंजिन काम लगेच मान्य करू नका. आधी हेड उतरवून तो व्हॉल्व्ह आणि गॅस्केट पाहायला सांगा.

चारही खाली असतील, बॅक मारत असेल आणि चढावर निळा धूर असेल, तर मात्र गॅरेजवाला खरं बोलतोय. काम पावसाळ्यात लावा. जून ते ऑगस्ट भाडी कमी असतात, मेकॅनिकलाही वेळ असतो, आणि गणपतीत चाकरमानी यायला लागायच्या आत गाडीचे पहिले हजार किलोमीटर हळू चालवून होतात.